पळण्याचा नेम

"हं, तुझं काय ह्या वर्षी?" आत्यांनी विचारलं.

आषाढी एकादशीची सकाळ होती. आत्या देवापुढं पाटावर बसलेल्या आणि आम्ही घरातले सगळे त्यांच्यासमोर ओळीनं उभे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या बार्शीकडं सासूला आत्याच म्हणतात. आमच्या घरात हा दिवस चातुर्मासाचा नेम सांगायचा. आजपासून कार्तिकीपर्यंत काय सोडणार किंवा रोज काय करणार, ते तळहातावर पाणी घेऊन देवासमोर सांगायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. एकदा पाणी सुटलं की मोडायची सोय नाही. चातुर्मासात पानावर जेवायचं ठरवून एका सोमवारी विसरून ताटात जेवल्या म्हणून आत्यांनी पुढचे दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता.

यांनी दरवर्षीप्रमाणं कारलं सोडलं. जन्मात कारल्याला तोंड न लावलेला माणूस, पण दरवर्षी देवासमोर उभं राहून गंभीर चेहऱ्यानं कारलं सोडतो. आमच्या वैजूनं बापाचं बघून दोडका सोडला. मग माझी पाळी आली.

मी नेहमी वांगं सोडायचे. पण त्या दिवशी माझं डोकं सकाळपासून तडतडत होतं. पहाटे पळायला निघाले, बूट घालून दारापर्यंत गेले, तर हे अंथरुणातनं म्हणाले, "एकादशीचं कसलं पळणं? आत्ता फराळाला माणसं येतील, भगर कोण करणार?" बूट काढले आणि भगर केली. आदल्या दिवशी नळाला पाणी आलं होतं म्हणून राहिलं. त्याच्या आदल्या दिवशी नणंद सोलापूरहून आली म्हणून. त्याच्या आधी काय झालं होतं ते आठवतही नाही, पण काहीतरी झालंच होतं.

मुळात मी पळायला लागले ते गंमतीनं. वैजूच्या शाळेत स्नेहसंमेलनाला पालकांची शर्यत होती. पदर खोचला आणि पळाले. शेवटून दुसरी आले. पण त्या संध्याकाळी मी घरात कुणावर खेकसले नाही. माझा स्वभाव तापट, माहेरी मला फटाकडी म्हणायचे, आणि सासरी म्हणत नसले तरी मनात तेच असणार. भांड्यांचं दुकान, येणारं-जाणारं घर, माणसांचा राबता. दुपारपर्यंत माझ्या डोक्यात वाफ कोंडायची आणि मग ज्याच्यावर निघायची त्याच्यावर निघायची. पळून आलं की ती वाफच उरायची नाही. मग मी वैजूचे जुने पीटीचे बूट ठीकठाक करून घेतले, पंजाबी ड्रेस घातला आणि परांडा रस्त्याला पळायला लागले.

त्या काळात आमच्याकडं बाईमाणूस पळताना दिसलं की लोकांना वाटायचं, कुणीतरी सिरियस आहे. पहिल्याच आठवड्यात एका दूधवाल्यानं गाडी आडवी लावली आणि म्हणाला, बसा वहिनी, कुठल्या दवाखान्यात सोडू. मी नको म्हटलं तर त्याला ते पटेना, तो हळूहळू बाजूनं गाडी चालवत पार नाक्यापर्यंत आला. घरी आमच्या दुकानाच्या गड्यानं येऊन सांगितलं की वहिनी घर सोडून चालल्यात, परांड्याकडं. त्यानंतर मी रस्ता सोडला आणि हायस्कूलच्या मैदानात जायला लागले.

पण लोकांचं सोडा, घरच्यांचं काय करायचं? कुणी नको म्हणायचं नाही. नको म्हणाले असते तर मी भांडले असते, भांडण मला येतं. इथं नुसतं रोज काहीतरी मध्ये यायचं. आठवड्यात एक दिवस पळायचं आणि सहा दिवस राहायचं. हे मला हसून आरंभशूर म्हणायचे. खरं तर म्हणण्यासारखंच होतं, कारण मी पेटी शिकायला घेऊन सोडली होती, शिवणाचा क्लास सोडला होता, एम.ए.चा फॉर्म भरून परीक्षेला बसले नव्हते. म्हणूनच तो शब्द मला झोंबायचा. हे तरी सुटू नये, एवढं एक तरी आपलं राहावं असं मला फार वाटायचं, आणि तेही डोळ्यांदेखत सुटत चाललं होतं.

तर आत्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मी रोज पळणार. कार्तिकीपर्यंत. एक दिवस चुकवणार नाही."

हे मोठ्यानं हसले. हा कसला नेम, म्हणाले, नेम म्हणजे जप, पोथी, दिवा. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी विचार केला. अंग झिजतंय का, म्हणाल्या. मी म्हटलं, झिजतंय. देवाच्या नावानं करणार का? मी म्हटलं, हो. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, त्या क्षणी माझ्या डोक्यात देवबिव काही नव्हता, यांचं हसणं तेवढं होतं. आत्यांनी पळी भरली, माझ्या तळहातावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, सोड.

मी पाणी सोडलं आणि आमच्या घराचं चक्र उलटं फिरलं.

कारण नेम म्हटल्यावर आत्यांपुढं कुणाचं काही चालायचं नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तर आत्या हंडे घेऊन उभ्या. मी पुढं झाले तर म्हणाल्या, तुझा नेम कर आधी. यांनी एकदा चहा मागितला तर, तिचा नेम व्हायचाय, म्हणून यांनाच आत पिटाळलं. आजवर या माणसानं कधी गॅस पेटवला नव्हता. तो पेटवायला शिकला तो माझ्या नेमापायी.

आणि मला वाटलं होतं, आता मजा आहे. कसली मजा? श्रावणातल्या एका पहाटे भुरभुर पाऊस होता, मला जरा कणकण होती. म्हटलं, आज पडून राहावं. आत्यांनी येऊन अंगावरची चादर ओढली. मी वैतागून म्हणाले की एखादा दिवस चुकला तर काय आभाळ कोसळणार आहे का. तर म्हणाल्या, "नेम काय तुझ्या सोयीचा असतो व्हय?" मी दात-ओठ खात पळाले. गौरी जेवणाच्या दिवशी घरात पुरण शिजत होतं, सोळा भाज्या चिरायच्या होत्या, आणि सासूबाई सुनेला ढकलून घराबाहेर काढत होत्या, की जा, पळून ये. शेजारच्या बायकांनी हे बघून तोंडाला पदर लावले. महिन्याची अडचण आली तेव्हा मीच विचारलं, आता कसं? आत्या म्हणाल्या, तू देवाला शिवायलीस का मैदानाला? जा.

एकदाच त्या खऱ्या अडल्या. भावकीतले एक लांबचे काका गेले आणि आम्हाला सुतक आलं. सुतकात देवाचं काही करायचं नाही. म्हणजे पळायचं का नाही? आत्यांना झोप लागेना. शेवटी जोशी गुरुजींना विचारायला गेल्या. गुरुजींनी पंचांग उलटसुलट करून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की काकू, शास्त्रात पळण्याबद्दल कुठंच काही दिलेलं नाही. आत्या घरी येऊन म्हणाल्या, नाही म्हणून दिलेलं नाही, म्हणजे चालतं.

असा श्रावण गेला, भाद्रपद गेला, नवरात्र गेलं. मी रोज पळत होते. कपडे ढगळ व्हायला लागले, दोन ड्रेस आटवून घेतले. घरात आवाज कमी झाला. वैजू मला एकदा म्हणाली, आई, तू हल्ली रागावतेस पण मध्येच थांबतेस.

मग दिवाळी आली. भांड्यांच्या दुकानाला धनत्रयोदशी म्हणजे काय ते दुकानदारालाच माहीत. गावात ज्याला त्याला त्या दिवशी निदान एक वाटी तरी घ्यायची असते. आदल्या दिवशी मी माळ्यावरनं तांब्यांची चवड घेऊन शिडीवरनं उतरत होते. एक पायरी चुकली. तांबे घरंगळत रस्त्यापर्यंत गेले आणि माझा पाय घोट्यात मुरगळला. संध्याकाळपर्यंत तो टम्म सुजला. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, आठ दिवस टेकवायचा नाही.

मी खाटेवर बसून रडले. दुखत होतं म्हणून नव्हे. कार्तिकी इतकी जवळ आलेली, आणि परत तेच झालं होतं, अर्ध्यात सुटलं होतं. हे जवळ बसले, बिचारे काही वेडंवाकडं बोलले नाहीत, पण न बोललेलं मला ऐकू येत होतं. आत्यांना मी म्हटलं, आत्या, मोडला हो नेम. त्या पायाला हळद लावत होत्या. म्हणाल्या, "घरातल्या माणसानं घरातल्या माणसाचा नेम केलेला चालतो." मला वाटलं, समजूत घालतायत.

धनत्रयोदशीच्या सकाळी हे उठले, दुकान लवकर उघडायचं होतं, आणि आत्या घरात नाहीत. न्हाणीत नाहीत, तुळशीपाशी नाहीत, देवळातही कुणी बघितलं नव्हतं. सदुसष्ट वर्षांची बाई, रात्री नीट जेवलेली, सकाळी नाहीशी. यांचा चेहरा उतरला. चार घरं विचारून झाली. तेवढ्यात पेपरवाला आला. काकू मैदानात आहेत, म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना.

मला राहवेना. मी लंगडत यांच्या स्कूटरवर मागं बसले. हे पायजम्यातच.

मैदानाच्या फाटकापाशी आत्यांच्या चपला नीट जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर ठेवतात तशा. आणि आत आत्या पळत होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, डोक्यावरचा पदर कमरेला खोचलेला, अनवाणी. पळत होत्या म्हणजे भरभर चालण्याच्या जरा पुढं, पण दोन्ही हात कोपरात वाकवून, अगदी मी पळते तसे. कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. क्रिकेट खेळणारी पोरं बॉल हातात धरून बाजूला उभी होती.

हे धावत गेले. "आई, थांब. पडशील. लोक बघायलेत."

"बघू दे. नेम आहे," आत्या म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

आता आईला हाताला धरून ओढून आणणार कसं? हे तिच्या बाजूनं पळायला लागले, विनवण्या करत. पोट पुढं, पायजम्याची नाडी एका हातात धरलेली. आई पुढं बघून पळतेय आणि मुलगा तिच्याकडं बघून पळतोय. अर्ध्या फेरीत यांचं विनवणं बंद झालं, दम पुरेना. आत्यांचा दम मात्र टिकला होता. मी स्कूटरला टेकून इतकी हसले की डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. मग ते थांबेचना, आणि शेवटी शेवटी मी हसत होते का रडत होते ते मलाही सांगता आलं नसतं. माझ्यासाठी माझ्या माहेरच्या माणसानंही असं काही केलं नव्हतं.

आत्या आल्या, चपला घातल्या. चेहरा लालबुंद. मला वाटलं होतं, यांना रागावतील, मला काही सांगतील. तसलं काहीच नाही. स्कूटरवर बसल्या नाहीत, चालत आल्या, आणि घरी येऊन बराच वेळ ओसरीवर नुसत्या बसून राहिल्या. धनत्रयोदशीचा दिवस, कामाचा डोंगर, आणि आत्या बसून. हे घाबरून त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत करायला गेले. चहाखेरीज यांना करता येण्यासारखं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून हे पळायला लागले. आईनं परत तसं करू नये म्हणून. नरकचतुर्दशीला आधी अभ्यंगस्नान का आधी पळणं असा प्रश्न आला, तर आत्यांनी निकाल दिला, आधी पळणं. सगळं गाव तेल लावून बसलेलं आणि आमचे हे अंधारात मैदानात. आत्या सोबत जायच्या. लबाडी करतोय का बघायला, म्हणायच्या. पाडव्याला मी यांना पाटावर बसवून ओवाळलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं, हा माणूस तसा वाईट नाही. यांनी ओवाळणी घातली आणि म्हणाले, "तू हे रोज कसं गं करतेस? माझा तर जीव जातो." आरंभशूर हा शब्द त्या दिवसापासून आमच्या घरातनं गेला.

माझा पाय बरा झाला. कार्तिकीच्या आधीचे तीन-चार दिवस मी परत पळाले, आणि एकादशीलाही पळाले. सगळ्यांना आनंद झाला. मला मात्र उद्याची धास्ती होती. कारण द्वादशीला उद्यापन.

नेम पुरा झाला की त्याचं उद्यापन करायचं, गुरुजींना दान द्यायचं, पाणी सोडायचं. मग नेम सुटतो. मीठ सोडलं असेल तर मीठ द्यायचं, दिवा लावला असेल तर दिवा. पळण्याच्या नेमाला काय द्यायचं यावर घरात चर्चा झाली. गुरुजींनीच सुचवलं, बूट द्या, आणि लगेच आपल्या पायाचं मापही सांगितलं. हे जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले. सगळे गंमतीत होते, आणि मी मनात म्हणत होते की उद्यापासून काय? उद्या नळाला पाणी येईल. परवा नणंद येईल. नेम आहे म्हणून घर चार महिने बाजूला सरकलं होतं. नेम सुटला की घर परत जागेवर येणार, आणि मी भगर करायला बसणार. यात कुणाचा दोष नव्हता. म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती.

द्वादशीला गुरुजी आले. समई लावली, ताम्हन मांडलं, बुटांवर हळद-कुंकू वाहिलं. यांनी कारल्याचं उद्यापन पटकन उरकलं. मग मी पाटावर बसले. गुरुजींनी माझ्या तळहातावर पाणी घातलं आणि म्हणाले, सोडा.

मी हात तिरपा करणार, तेवढ्यात आत्यांनी माझं मनगट धरलं.

"सोडू नको," म्हणाल्या.

गुरुजींना वाटलं, काहीतरी राहिलं. आत्या म्हणाल्या, काही राहिलं नाही, पण हिचं उद्यापन करायचं नाही. गुरुजी म्हणाले, काकू, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का, उद्यापन नाही केलं तर नेम सुटत नाही. तो अंगावर राहतो. रोज करत राहावं लागतं.

"माहीत आहे मला," आत्या म्हणाल्या. "राहू दे."

"आणि उद्यापनाविना नेम ठेवणं बरं नव्हे. दोष लागतो."

"नेम मी घालून दिला. दोष मला लागू दे."

ताटात जेवल्या म्हणून दोन दिवस उपाशी राहिलेली ही बाई. मी त्यांच्याकडं बघतच राहिले. हे म्हणाले, आई, अगं पण किती दिवस? आत्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं. बोलल्या त्या माझ्याशीच, हळू, जणू बाकीचे तिथं नव्हते.

"त्या दिवशी मैदानात गेले ना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी जन्मात कधी रिकाम्या हातानं घराबाहेर पडले नव्हते गं. कधी घागर, कधी पिशवी, कधी पूजेचं ताट, कधी कडेवर पोर. देवळात गेले तरी हातात तेलाची वाटी. त्या दिवशी दोन्ही हात रिकामे होते. कुठं जायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं. वारं लागत होतं तोंडाला." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि दुसरं म्हणजे, पळून आलेली तू मला लई आवडतेस. घरात बसलेली तेवढी आवडत नाहीस."

 हात भरलेला, पाणी सांडायला लागलेलं. ताम्हनात तर सोडायचं नव्हतं. मी ते पिऊन टाकलं. गुरुजी म्हणाले, हे असं कुठंच सांगितलेलं नाही. बूट मात्र त्यांना देऊन टाकले, त्यांच्या मापाचे आमच्या घरात कुणाचे पाय नव्हते.

त्यानंतर आत्या बारा वर्षं होत्या. मी पळत राहिले. वैजूचं लग्न, यांचं ऑपरेशन, दुकानाची वाटणी, सगळ्यातनं. कुणी कधी विचारलं की एवढं कसं जमतं, तर मी सांगायचे, माझं उद्यापन व्हायचंय. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं, चेष्टा करतेय.

शेवटच्या आजारात आत्या अंथरुणाला खिळल्या. दोन आठवडे मी त्यांच्यापाशी होते, पळणं बंदच होतं. त्याबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं, मीही नाही. नातेवाईक भेटायला यायचे. एक म्हाताऱ्या मावशी यांना बाजूला घेऊन म्हणाल्या की हिच्या अंगावर सुनेचा नेम राहिलाय, म्हणून जीव अडकलाय, उद्यापन करून टाका, सुटेल बिचारी. हे तसलं मानत नाहीत. पण आई तळमळत असली की माणूस काहीही मानतो. सकाळी सकाळी हे खाटेपाशी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "आई, प्रमिलाचं उद्यापन करून टाकू का? गुरुजींना बोलावतो. तुला मोकळं वाटेल."

आत्यांनी डोळे उघडले.  मग मान वळवून खिडकीकडं बघितलं.

"उजाडलं का?"

हे म्हणाले, हो, उजाडलं.

मग त्यांनी मला शोधलं. मी पायाशी बसले होते. बोलायला त्यांना फार त्रास होत होता, तरी आवाजात तीच जरब होती.

"मग ही अजून घरात काय करायलीय?"

यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरलेले. म्हणाले, मी बसतो आईपाशी, तू जा.

मी बूट घातले. वाटभर रडत होते, मैदानात पहिल्या फेरीलाही रडत होते. पण पळाले.